सर्व्हे नंबरामागून सर्व्हे नंबर

दिवाण पहिल्या सालारजंगाने १८६५ साली हैदराबाद संस्थानात जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, केली आणि पुढे मोजणी होऊन बंदोबस्ताचे दप्तर उभे राहिले; तेव्हापासून नांदेड जिल्ह्यात, तसेच १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळ्या झालेल्या लातूर-औशाच्या मुलखात, महसुलाचे काम परस्परांहून भिन्न अशा दोन रीतींनी चालत आले आहे. पहिली पाहणीची: पटवारी दप्तर काखेत मारून शिवारात निघे, एका सर्व्हे नंबरावर थांबून पीक, पेरा व कब्जेदार यांची नोंद करी आणि मगच पुढल्या बांधाकडे वळे. दुसरी जमाबंदीची: मातीची प्रतवारी ठरून दर कायम झाला, की त्या प्रतीत बसणाऱ्या यच्चयावत शेतांना तो एकसमयावच्छेदेकरून लागू होई. आणेवारी, जिला दशमान नाण्यांनंतर पैसेवारी म्हणू लागले, ही याच दुसऱ्या रीतीची परिणत अवस्था होय. निवडक शेतांतील पीककापणीवरून गावाचा आकडा निघतो, तो पन्नास पैशांखाली गेला की महसुलातील सूट साऱ्या गावास मिळते, आणि कोणाही खातेदाराच्या दारी स्वतंत्रपणे जावे लागत नाही.

१९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची उपपत्ती मांडली, तिचे मर्म मला या जमाबंदीच्या जातीचे वाटते: कोणत्या अटीत बसणाऱ्या ओळी हव्यात एवढेच माणसाने सांगावे, त्या कोणत्या वाटेने शोधायच्या हे यंत्राने ठरवावे. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी या विचाराला भाषा दिली, तीच आजची एसक्यूएल. परंतु कोबोलसारख्या भाषांतील प्रोग्राम एका वेळी एकच नोंद हाती घेत. उत्तरादाखल आलेला ओळींचा समुदाय त्यांना पेलेना, म्हणून कर्सर निर्माण झाला. तो उघडावा, ओळ उचलावी, काम उरकून पुढली ओळ मागावी, अखेरीस तो बंद करावा. ही साक्षात पाहणीच होय.

खेद याचा, की जमाबंदीने साधणारी कामेही प्रोग्रामर पाहणीने करीत बसतात. पैसेवारीच्या सवलतीसाठी गावांचा आणि खातेदारांचा तक्ता जोडून एकच अपडेट पुरतो. कर्सर लावला तर लाखभर खात्यांसाठी लाखभर फेऱ्या होतात. वसूलबाकीची चढती बेरीज हा कर्सरच्या कैवाऱ्यांचा भक्कम मुद्दा असे, कारण तेथे प्रत्येक ओळीस मागील ओळींची बाकी लागते. पण २००३ च्या प्रमाणित एसक्यूएलमध्ये विंडो फंक्शने आली आणि तोही निकालात निघाला.

तथापि फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीत मराठवाड्यातील एक शेत झोडपले गेले आणि लगतचे वाचले; तेथे गावचा आकडा निरुपयोगी होता, बांधावर जाऊन पंचनामे करणेच प्राप्त होते. जमिनीच्या हक्कनोंदीतील फेरफाराचेही असेच आहे: प्रत्येक नोंदीची नोटीस, हरकत आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी निराळी, त्यामुळे तशा कामात कर्सर लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. मात्र पंचनाम्यांतील क्षेत्र एकदा तक्त्यात उतरले, की हेक्टरी दराने मदतीची रक्कम काढण्यास ओळीमागून ओळ चालत जाण्याचे कारण उरत नाही.