ताब्याच्या आधीचा इतिहास

स्मरणिका समितीने सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी जुनी इतिवृत्तं काढून बसलो. पहिल्या वहीचं पहिलं पान म्हणजे प्रथम सर्वसाधारण सभा. कागदावर आपला इतिहास तिथून सुरू होतो. पण त्याआधी साडेतीन वर्षं आपण अठ्ठावीस कुटुंबं एकमेकांना ओळखत होतो, तेही चिखलात उभं राहून. त्या काळाची नोंद कुठल्याच वहीत नाही, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांतले जेमतेम अर्धे आता इथे राहतात. म्हणून हा लेख मुख्यतः तेवढ्याच काळाबद्दल आहे. गणपती, लिफ्ट, रंगकाम, सोलर यांबद्दल इतरांनी लिहिलंच आहे.

थोडं मागे जायला हवं. मुंबईत सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून धरतात, साल १९१५. तिथे माणसं आधी एकत्र आली, सोसायटी झाली, मग इमारत. आपल्याकडे क्रम उलटा: आधी बिल्डर, मग इमारत, मग भांडण, आणि सर्वांत शेवटी सोसायटी. हा उलटा क्रम कसा रूढ झाला, ते कळण्यासारखं आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तशी भाड्याने देण्यासाठी चाळी-इमारती बांधणं मालकांना परवडेना. मग पागडी फोफावली आणि पन्नासच्या दशकात ‘ओनरशिप’ हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी बसला. पैसे पूर्ण द्यायचे आणि कागद मात्र अर्धवट मिळायचे. तक्रारी इतक्या वाढल्या की १९६० साली शासनाने चौकशी समिती नेमली आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, म्हणजे आपला ‘मोफा’, आला.

मोफा वाचला की वाटतं, आता तक्रारीला जागाच कुठे राहिली? नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. मंजूर नकाशा दाखवायचा आणि दाखवल्यावर तो परस्पर बदलायचा नाही. सोसायटीच्या नावाने घेतलेल्या पैशांचं खातं वेगळं ठेवायचं. मुदतीत ताबा दिला नाही तर पैसे नऊ टक्के व्याजाने परत. (बँका तेव्हा घरकर्जाला त्याहून बरंच जास्त व्याज घेत होत्या, त्यामुळे पैसे परत घेणारा वर भुर्दंडही सोसणार!) कायदा चांगलाच होता. पण तो राबवायचा म्हणजे कोर्टाची पायरी चढायची, आणि भाडं व हप्ता एकत्र भरणाऱ्या माणसाजवळ त्यासाठी ना वेळ असतो ना पैसा.

आपलं बुकिंग सुरू झालं तेव्हा इथे फक्त पत्र्याची शेड आणि रंगीत बोर्ड होता. करारात ताब्याची मुदत अठरा महिन्यांची. प्रत्यक्षात अठराव्या महिन्यात बी विंगचा तिसरा स्लॅब पडला होता, आणि त्यानंतर काम थांबलं ते दोन पावसाळे. उघड्या सळ्या गंजल्या, तळमजल्यावर गुडघाभर पाणी साचलं. शेजारच्या बैठ्या चाळीच्या गटारात आपल्या साइटचा राडारोडा जाऊन त्यांच्या घरांत पाणी शिरलं. त्या लोकांनी शिव्या दिल्या त्या बिल्डरला नव्हे, दर रविवारी साइट बघायला येणाऱ्या आपल्याला. त्यांच्या जागी आपण असतो तरी हेच केलं असतं. पुढे तीन रविवार आपल्यातले सात-आठ जण घमेली-फावडी घेऊन ते गटार उपसत होते. माझ्या मते आपली सोसायटी खरी तिथे स्थापन झाली, निबंधकांचा शिक्का नंतरचा.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा रस्त्याकडच्या मोकळ्या जागेत चार गाळ्यांचे कॉलम उभे राहिलेले दिसले. मंजूर नकाशात तिथे बाग होती. एल.आय.सी.तल्या वहिनींनी (आता त्या मुलाकडे बंगळुरूला असतात) नकाशाची प्रत मागवली आणि सगळ्यांसमोर जमिनीवर पसरून दाखवली. एकेकट्याने विचारलं की बिल्डरचा सुपरवायझर “शेठला विचारतो” म्हणायचा. अठ्ठावीसपैकी बावीस सह्यांचं पत्र गेल्यावर शेठ स्वतः आले. ग्राहक चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने आम्हाला तेव्हा समजावलं की आता दिवाणी कोर्ट हा एकच रस्ता नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ साली दुरुस्ती होऊन घरबांधणी ‘सेवे’त आली होती, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं होतं. वकिलाशिवाय, साध्या अर्जावर ग्राहक मंचाकडे जाता येत होतं. आम्ही अर्ज टाईप करून ठेवला आणि त्याची झेरॉक्स शेठना दिली. अर्ज दाखल करावा लागला नाही. दोन गाळ्यांचे कॉलम तुटले, दोन राहिले. राहिलेल्या दोन गाळ्यांवरून आजही सभेत आवाज चढतात, पण तेव्हा ती तडजोड बहुमताने झाली होती, हे नव्या सभासदांनी लक्षात घ्यावं.

सर्वांत अवघड प्रसंग शेवटी आला. इमारत रंगवून तयार झाली, पण भोगवटा प्रमाणपत्र नाही. आणि पत्र आलं: “फर्निचरच्या कामासाठी ताबा घ्या, उरलेले पैसे भरा, राहायला आलात तरी आमची हरकत नाही.” मोफाचं एक कलम फार जणांना ठाऊक नसतं. पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही, एवढ्यावर ते थांबत नाही; घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. इथे आपल्यात उभी फूट पडली. काहींचं घरमालकाशी अकरा महिन्यांचं संपत आलं होतं, एका घरी लग्न ठरलेलं, एकांच्या आईला जिने चढवत नव्हते. बाकीचे म्हणत, एकदा पूर्ण पैसे गेले की आपल्या हातात काय उरतं? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. नऊ कुटुंबं राहायला आली आणि टँकरच्या पाण्यावर राहिली; एकोणीस थांबली. दोन घरांमध्ये तेव्हा जो अबोला धरला गेला तो पुढे कित्येक वर्षं टिकला. नावं लिहीत नाही.

थांबलेल्यांनी तो वेळ वाया घालवला नाही, हे मात्र सांगायला हवं. पहिल्या मजल्यावरच्या गुरुजींनी प्रत्येक फ्लॅटची बाकी कामांची यादी केली. बाथरूमच्या ट्रॅपला बोळा घालून दोन दिवस पाणी साठवायचं आणि खालच्याने छत बघायचं. अठ्ठावीसपैकी अकरा ठिकाणी ओल उतरली. लाद्यांवर रुपयाचं नाणं वाजवायचं, पोकळ आवाज आला की खडूने फुली. खिडकीच्या चौकटी, गॅलरीचा उतार, गच्चीचा कोबा, सगळं लिहून बिल्डरच्या इंजिनीअरची पानापानावर सही घेतली. ताबा मिळाल्यावर तीन वर्षांच्या आत दाखवलेला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा, अशी मोफात तरतूद होती. सही असल्यामुळे गच्चीचं वॉटरप्रूफिंग दुसऱ्या वर्षी पुन्हा करून घेता आलं. सही नसती तर “तुम्हीच खिळे ठोकले असतील” हे उत्तर तयार होतंच.

सात महिन्यांनी भोगवटा प्रमाणपत्र आलं. सोसायटीची नोंदणी त्यानंतर. मग कन्व्हेयन्स. तो नियमाप्रमाणे सोसायटी झाल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवा होता. मिळाला तो बारा वर्षांनी. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आलं, २०१० मध्ये त्याचे नियम झाले, आणि बिल्डरच्या सहीची वाट न बघता जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता आला. तोवर आपण इमारतीत राहत होतो, पण खालची जमीन सात-बारावर दुसऱ्याच्याच नावाने होती.

आता पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत आणि तरुण सभासद म्हणतात, आता रेरा आहे, काळजी नको. १ मे २०१७ पासून ‘महारेरा’ सुरू झालं, हे खरंच मोठं काम झालं. घेतलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात, करारापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं. आमच्या वेळी यातलं निम्मं असतं तरी गटार उपसायची वेळ आली नसती. पण पुनर्विकासात जुने सभासद हे पैसे भरून घर घेणारे ग्राहक नसतात, जमिनीचे मालक असतात. त्यांना नव्या घराची हमी मुख्यतः विकसकाशी होणाऱ्या करारनाम्यातून आणि बँक गॅरंटीतून मिळते. रेराच्या भरवशावर तो करार घाईने वाचू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

गुरुजींची मूळ यादी, एकशे चार पानं, ऑफिसच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात निळ्या फाईलमध्ये आहे. पुनर्विकास समितीला हवी असल्यास सचिवांकडे सही करून न्यावी. पाठीमागची काही पानं वाळवीने खाल्ली आहेत. उरलेली झेरॉक्स करून ठेवायला हवीत.