पगार, खोली आणि टपाल : भोपाळच्या सृजनपीठाची पूर्वपीठिका

'सृजनपीठ' हा शब्द ऐकून भोपाळातल्या मराठी माणसाला आधी गिरणी आठवली, तर त्यात त्याचा दोष नाही. पण इथलं पीठ म्हणजे आसन. १९८०च्या दशकात मध्य प्रदेशात लेखकांसाठी अशी तीन आसनं होती. उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात प्रेमचंदांच्या नावाचं, सागर विद्यापीठात मुक्तिबोधांच्या नावाचं आणि आपल्या भोपाळला निरालांच्या नावाचं. उज्जैनला शमशेर बहादुर सिंह बसले, सागरला त्रिलोचन, भोपाळला १९८१ ते १९८३ निर्मल वर्मा. कल्पना साधी होती. लेखकाने इथे येऊन राहावं आणि लिहावं.

मी अभियंता. पाणीपुरवठ्याच्या योजनांत आयुष्य गेलं, आणि कुठलीही योजना दिसली की पाणी येतं कुठून हे आधी बघायची सवय लागली. सृजनपीठाचा उगम कुठला, असं विचारलं की जाणकार मंडळी अमेरिकेकडे बोट दाखवतात. तिथल्या आयोवा विद्यापीठात १९३६पासून लेखनाची कार्यशाळा चालते, तिच्यातून पदवीही मिळते. १९६७पासून परदेशी लेखकांना बोलावणारा वेगळा उपक्रम तिथे सुरू झाला. निर्मल वर्मा १९७७ साली त्या उपक्रमात होते, आणि आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७. पुढे दोघेही भोपाळला आले, त्यामुळे दुवा जुळल्यासारखा वाटतो. पण माझ्या मते आपल्याकडचा झरा बराच जवळचा आहे. तो राजनांदगावचा आहे, आणि त्याच्या काठावर एक मराठी घर आहे.

गजानन माधव मुक्तिबोध १३ नोव्हेंबर १९१७ला श्योपूरला जन्मले. घरात मराठी, कविता हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र नागपूरला राहून मराठीत लिहीत. 'नवी मळवाट' त्यांची, 'क्षिप्रा' ही कादंबरीही त्यांचीच. एकाच आईच्या हातचं जेवून दोन भावांनी दोन भाषांत कविता केली, याचं महाराष्ट्रात नवल करतात. आमच्याकडे माळव्यात त्यात नवल काही नाही. १९४३ साली अज्ञेयांनी 'तार सप्तक' काढलं तेव्हा सात कवींत मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे असे दोघे मराठी घरांतले होते. माचवे तेव्हा उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकवत. मुक्तिबोधही त्या सुमारास शुजालपूरच्या शाळेत मास्तर होते. शुजालपूर म्हणजे आपल्या भोपाळ–उज्जैन लोहमार्गावरचं स्टेशन. गाडी थांबते तेव्हा डोकं बाहेर काढून मी दर वेळी बघतो, काय बघतो ते विचारू नका.

पुढची पंधरा वर्षं हा माणूस नोकऱ्या बदलत राहिला. नागपुरात माहिती खातं, आकाशवाणी, मग 'नया खून' साप्ताहिक. घरात मुलं, वर उधारी. १९५८ साली चाळिशीत त्यांना राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. हे गाव तेव्हा मध्य प्रदेशात होतं, आज छत्तीसगडात आहे. कॉलेज नुकतंच, १९५७ साली निघालेलं, गावच्या जुन्या राजवाड्यात. मोठ्या शहराचं नाही, विद्यापीठाचा डौल नाही; गावातल्या पोरांना बाहेरगावी जावं लागू नये म्हणून काढलेलं कॉलेज. पदुमलाल पुन्नालाल बख्शींसारखे ज्येष्ठ संपादकही तिथे शिकवायला होते. राहायला मुक्तिबोधांना त्याच वाड्याचा एक भाग मिळाला.

एका योजनेच्या कामासाठी गेलो असताना ती जागा मी पाहिली आहे. वाड्याच्या एका अंगाला राणी सागर, दुसऱ्या अंगाला बूढा सागर. दोन तलावांच्या मध्ये असल्यामुळे भिंतींना ओल धरणारच, हे माझ्यासारख्याला आधी दिसतं. वर जायला गोल फिरत जाणारा अरुंद जिना. आता तिथे स्मारक आहे, लोक जिन्याचे फोटो काढतात. मला मात्र त्या जिन्यापेक्षा पगारपत्रक बघायला आवडलं असतं. कारण जे घडलं ते यामुळे घडलं: महिन्याच्या महिन्याला पैसे आणि दार लावून बसता येईल अशी खोली. 'अंधेरे में' ही त्यांची दीर्घ कविता पुरी झाली ती राजनांदगावच्या वर्षांतच. एरवी हिंदी समीक्षक एकमेकांशी फारसे सहमत होत नाहीत, पण ही कविता गेल्या शतकातल्या थोर कवितांपैकी एक आहे, यावर त्यांचं बहुतेक एकमत आहे.

आता टपालाची गोष्ट. त्याच राजनांदगावात १ जानेवारी १९३७ला जन्मलेला एक मुलगा होता, विनोद कुमार शुक्ल. शिकत होता शेतकी, जबलपूरच्या कृषी महाविद्यालयात. म्हणजे साहित्याच्या कुठल्याच वर्गात तो मुक्तिबोधांचा विद्यार्थी नव्हता. तो भेटायला गेला, कविता दाखवल्या. मुक्तिबोधांनी त्यातल्या काही निवडून श्रीकांत वर्मांकडे 'कृति' मासिकासाठी पाठवल्या, आणि त्या छापून आल्या. बस, एवढंच. तेव्हा याला कार्यशाळा कोणी म्हटलं नाही, प्रमाणपत्र कोणी दिलं नाही. एका प्राध्यापकाने एका मुलाची वही वाचली आणि पाकिटाला तिकीट लावलं. त्या मुलाला पुढे २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

सरकारी पगाराच्या राज्यात राहण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फार गोड वाटेल. मुक्तिबोधांनी 'भारत : इतिहास और संस्कृति' नावाचं पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. राजधानी भोपाळ, म्हणजे हुकूम इथलाच. पाठ्यपुस्तक चाललं असतं तर घरची ओढाताण जरा कमी झाली असती. बंदीने पैसा गेला आणि माणूस आतून हलला. पुढे फेब्रुवारी १९६४मध्ये त्यांना पक्षाघात झाला, आणि उपचारासाठी आणलं ते भोपाळलाच, हमीदिया रुग्णालयात.

हमीदिया म्हणजे फतेहगढचा किल्ला होता ती जागा, अडीच पायऱ्यांची मशीद आहे तो परिसर. तिथे ते काही महिने होते. हरिशंकर परसाईंसारखे मित्र धावपळ करत होते. जूनमध्ये लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले, त्यांच्यापर्यंत लेखकांनी हाक पोचवली आणि मुक्तिबोधांना दिल्लीला हलवलं गेलं. ११ सप्टेंबर १९६४ला ते गेले. त्यांचा पहिला कवितासंग्रह 'चांद का मुँह टेढ़ा है' नंतर आला. स्वतःच्या कवितांचं पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही.

त्याच वर्षी, त्याच जुन्या शहरात, आणखी एका कॉलेजच्या खोलीत एक पोरगा राहत होता. त्याची आई सफिया अख्तर हमीदिया कॉलेजात शिकवत असे. वडील जाँ निसार अख्तर १९४७च्या दंग्यांनंतर ग्वाल्हेर सोडून याच कॉलेजात उर्दूचे विभागप्रमुख झाले, आणि मग मुंबईला निघून गेले. सफिया दोन लहान मुलांना घेऊन इथे नोकरी करत राहिल्या आणि नवऱ्याला पत्रं लिहीत राहिल्या. जानेवारी १९५३मध्ये त्या वारल्या. ती पत्रं 'ज़ेर-ए-लब' या नावाने पुस्तक होऊन आली, आणि उर्दू गद्यात आजही मानाने वाचली जातात. कॉलेजची तास घेणारी बाई रात्री पत्र लिहायला बसते, हाही आपल्या शहराचा लेखनाचा इतिहास आहे. तो कोणी अजून नीट मांडलेला नाही, आणि मांडायचा तर उर्दू येणाऱ्या सभासदाने मांडावा.

थोरला मुलगा जावेद सैफिया कॉलेजात शिकला. राहायला घर नव्हतं, म्हणून कॉलेजनेच एक खोली फुकट दिली होती, जेवण मित्रांकडे. वक्तृत्वात तो पटाईत होता. हे सगळं त्यांनी स्वतः 'तरकश' या संग्रहाच्या सुरुवातीला लिहिलं आहे. ४ ऑक्टोबर १९६४ला तो मुंबईला उतरला. त्याची शाळा वर्गात झाली की भोपाळच्या पटियांवर, हे कोणी सांगावं! (पटिया म्हणजे जुन्या शहरात दुकानांपुढे असलेल्या दगडी फळ्या. रात्री दुकानं बंद झाली की त्यावर बसून चहा, शेर, टिंगल आणि राजकारण. बैठकीचा मराठी माणूस तिथे सहज रमतो.)

मुक्तिबोधांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याभोवती जी तरुण मंडळी होती त्यात अशोक वाजपेयी नावाचा एक कवी होता. पुढे तो सनदी अधिकारी होऊन मध्य प्रदेशातच आला. १९७१ साली विनोद कुमार शुक्लांची 'लगभग जयहिंद' ही पहिली पुस्तिका त्यानेच आपल्या मालिकेत छापली. मोठ्या तलावाच्या उतारावर चार्ल्स कोरियांनी बांधलेलं भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ला सुरू झालं, त्यामागेही हाच माणूस. सृजनपीठं याच काळातली. सागरच्या पीठाला मुक्तिबोधांचं नाव आहे. म्हणून मी आयोवाऐवजी राजनांदगाव म्हणतो. ज्यांनी एका लेखकाला औषधपाण्यासाठी झगडताना पाहिलं, त्यांच्याच पिढीच्या हातात पुढे थोडं बजेट आलं आणि त्यांनी ते लेखकांच्या खोल्यांवर घातलं. सरकारी पैशातून साहित्य पोसू नये असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. १९६२ची बंदी त्यांच्या बाजूने पुरावा म्हणून उभी आहे, हे मी नाकारत नाही.

भारत भवनात 'वागर्थ' हे कवितेचं केंद्र आहे. त्याचं संचालकपद काही काळ दिलीप चित्र्यांकडे होतं. मराठीतला एक मोठा कवी इथे, आपल्या तलावाच्या काठी, भारतभरच्या कवितांचं दप्तर सांभाळत होता, ही गोष्ट भोपाळच्या मराठी घरांतून फारशी सांगितली जात नाही. गणेशोत्सवात कोणी कोणतं नाटक बसवलं ते मात्र सालासकट पाठ असतं. चित्र्यांचं कुटुंब इथे असतानाच २ डिसेंबर १९८४ची रात्र आली. त्यांच्या मुलालाही वायूची बाधा झाली. त्या रात्रीबद्दल मी इथे आणखी लिहीत नाही. आपल्यातल्या अनेकांना ते वाचायची गरज नाही.

निर्मल वर्मांनंतर निराला पीठावर कृष्ण बलदेव वैद आले, अमेरिकेतल्या कॉलेजातली इंग्रजीची प्राध्यापकी संपवून. आणि १९९४ ते १९९६ या काळात पाहुणे लेखक म्हणून आले विनोद कुमार शुक्ल. राजनांदगावचा तो मुलगा आता रायपूरच्या कृषी महाविद्यालयातला प्राध्यापक होता. भोपाळच्या त्या दोन वर्षांत त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या, 'खिलेगा तो देखेंगे' आणि 'दीवार में एक खिड़की रहती थी'. दुसरीला १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक रघुवर प्रसाद छोट्या गावाजवळच्या कॉलेजात गणित शिकवतो, नव्या बायकोबरोबर एका खोलीत राहतो, आणि त्या खोलीच्या खिडकीतून पलीकडे उतरलं की वेगळंच जग लागतं. कॉलेज, तुटपुंजा पगार, एक खोली. हे भोपाळला, लेखकाला दिलेल्या जागेत बसून लिहिलं गेलं!

हल्ली आपल्या शहरातल्या कॉलेजांतून लेखनाच्या कार्यशाळा होतात. मलाही एक-दोनदा बोलावलं होतं, स्थानिक इतिहास कसा लिहावा यावर. चहा, समोसे, फलक, शेवटी प्रमाणपत्र. वाईट काही नाही, मुलं मनापासून येतात. पण एका मुलीने मला विचारलं, "सर, घरी लिहायला जागा नाही, कॉलेजची लायब्ररी पाचला बंद होते. मग लिहू कुठे?" कार्यशाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत या प्रश्नाला वेळ ठेवलेला नव्हता. प्राचार्यांना मी एवढंच सुचवलं की एक खोली आठपर्यंत उघडी ठेवा. चौकीदाराच्या जादा तासांचा हिशेबही करून दिला. उत्तराची वाट बघतो आहे.

दुसरं एक काम मात्र आपल्या मंडळाच्या हातातलं आहे. कॉलेजांचे वार्षिकांक. १९७०मध्ये भोपाळ विद्यापीठ होण्याआधी आपली कॉलेजं उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाला जोडलेली होती, आणि त्या काळातल्या वार्षिकांकांत हिंदी, उर्दू, इंग्रजी, क्वचित मराठी असे विभाग असत. पुढे नावारूपाला आलेल्यांचं पहिलं लेखन आणि न आलेल्यांचं एकमेव लेखन त्यातच आहे. एका कॉलेजात (नाव लिहीत नाही) चौकशी केली तेव्हा कळलं की जुने अंक निर्लेखित करून रद्दीत गेले; नोंदवहीत वजन लिहिलं होतं, अंकांची नावं नव्हती. तेव्हा आता भरवसा घरांतल्या माळ्यांवर आणि ट्रंकांत पडलेल्या प्रतींचा. आजोबांची, आत्याची, काकांची कॉलेजची पेटी असेल तर ती उघडा. १९४६ ते १९७५मधला भोपाळ, सीहोर, विदिशा, होशंगाबाद इकडचा कुठल्याही कॉलेजचा अंक चालेल, फाटका चालेल, मुखपृष्ठ नसलेलाही चालेल. मंडळाकडे वरून फोटो घेणारं स्कॅनर आहे. अंकाची शिवण उसवावी लागत नाही, आणि ज्याचा त्याला त्याच दिवशी परत मिळतो.