फिशिंग रॉडच्या गाइडचे पाय घासल्यावर टच-अप कसं करायचं? संपूर्ण माहिती

रेवदंड्याच्या खाडीत जिताड्यासाठी गळ टाकायचा असो की मुरूडच्या खडकांवरून तांबोशीसाठी, आपल्या हातातला रॉड आपणच बनवलेला असेल तर मजा वेगळीच. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सुट्टीच्या दिवशी रॉड बांधतो. आज एका छोट्या पण महत्त्वाच्या कामाबद्दल बघू.

गाइडचा पाय म्हणजे काय?

रॉडच्या काठीला ब्लँक म्हणतात. तिच्यावर ज्या कड्यांमधून तंगूस जातो, ती कडी म्हणजे गाइड. गाइडला खाली धातूची चपटी पट्टी असते, तो तिचा पाय. हा पाय ब्लँकवर ठेवून त्यावर धागा गुंडाळतात आणि वरून इपॉक्सी लावतात.

पाय का घासायचा?

पायाचं टोक जाड असेल तर ब्लँकवरून पायावर चढताना धाग्याला पायरी लागते. तिथे धागा सरकतो आणि फट राहते. म्हणून टोकाचा वरचा भाग कानशीने घासून उतार करतात. टोक ब्लेडसारखं धारदार मात्र करू नका. रॉड वाकला की अशी धार ब्लँकमध्ये रुतते आणि मोठा मासा लागला असताना काठी नेमकी तिथेच तुटू शकते. घासल्यावर खालच्या बाजूला जी बारीक कोर उभी राहते, तीही काढा.

मग टच-अप कशासाठी?

काळ्या गाइडचा पाय घासला की रंग जातो आणि चमकदार धातू उघडा पडतो. साध्या नायलॉन धाग्यात इपॉक्सी मुरली की धागा थोडा पारदर्शक होतो, त्यामुळे ती चमक खालून दिसते. हा झाला दिसण्याचा भाग.

खरा प्रश्न गंजाचा आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि तोच स्टीलला वाचवतो. समुद्राच्या पाण्यात साधारण 3.5 टक्के मीठ असतं. त्यातलं क्लोराइड हा थर फोडतं. धाग्याखालच्या फटीत खारं पाणी अडकलं, तर तिथे ऑक्सिजन कमी पडतो आणि थर पुन्हा जुळत नाही. बाहेरून रॉड नवा दिसतो, आत मात्र पाय गंजत असतो.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मार्कर फक्त रंग देतो, गंज थांबवत नाही. गंज थांबतो तो स्वच्छ धातू आणि फट न ठेवणाऱ्या इपॉक्सीमुळे.

काय वापरायचं?

• काळा परमनंट मार्कर: सगळ्यात सोपा. पण त्याची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून अल्कोहोल घालून पातळ केलेल्या इपॉक्सीखाली ती पसरू शकते.
• इनॅमल पेंट किंवा काळं नेलपॉलिश: जास्त टिकतं. थर पातळच हवा, नाहीतर घासून केलेला उतार पुन्हा जाड होतो.
• बंदुकीच्या लोखंडाला काळं करणारं रसायन: स्टेनलेसवर नीट चढत नाही, त्यामुळे टाळा.

स्टेप बाय स्टेप

1. चष्मा आणि मास्क लावा. घासण्याआधी गाइडच्या रिंगवर मास्किंग टेप चिकटवा.
2. साध्या लोखंडावर वापरलेली कानस घेऊ नका. तिच्यातले लोखंडाचे कण स्टेनलेसवर बसतात आणि तेच आधी गंजतात.
3. उतार झाला की बारीक पॉलिश पेपरने ओरखडे काढा.
4. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतर बोट लावू नका.
5. जिथे धातू उघडा आहे तिथेच एक पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या.
6. धागा गुंडाळून इपॉक्सी लावा. पायाच्या दोन्ही कडांना, धागा आणि पाय यांच्यामध्ये, छोटा बोगदा राहतो. तो इपॉक्सीने भरलाच पाहिजे, पाणी तिथूनच आत शिरतं.

मोबाइलचा उपयोग

धागा गुंडाळण्याआधी टॉर्च तिरपा धरून पायाचा मॅक्रो फोटो काढा. झूम केलं की सुटलेली चमक आणि कोर लगेच दिसते. इपॉक्सी सुकल्यावर पुन्हा फोटो काढून बुडबुडे तपासा.

नेहमीचे प्रश्न

टायटॅनियम गाइडला टच-अप लागतं का?
गंजासाठी नाही. रंग जुळवायचा असेल तरच करा.

रॉड बांधून झाला, आता काय काळजी घ्यायची?
किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सुकवूनच कव्हरमध्ये ठेवा. धाग्याच्या कडेला तपकिरी डाग दिसला, तर वरून रंग लावून झाकू नका. ते गाइड सोडवा, पाय साफ करा आणि पुन्हा बांधा. पाय झिजून पातळ झाला असेल तर गाइडच बदला.