कृष्णाकाठची फ्रेंच पंगत

हॉटेल आणि रेस्टॉरंट हे दोन्ही शब्द मुळात फ्रेंच आहेत. इंग्रजीच्या वाटेने ते मराठीत आले आणि येताना पहिल्याचा अर्थ बदलला. फ्रेंचमध्ये ‘ओतेल’ म्हणजे आधी मोठे घर आणि नंतर उतारूंच्या मुक्कामाची जागा. वाईच्या बाजारपेठेत हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि मिसळ मिळण्याचे ठिकाण. मुक्कामाला लॉज शोधावा लागतो. मोठ्या हॉटेलात टेबलावर बसून एकामागून एक पदार्थ घेत जेवायची फ्रेंच रीत वाईत कधी रुजली नाही. ती आधी पसरणी घाटाच्या वर महाबळेश्वर-पाचगणीला पोचली आणि पुढे मुंबईत भरभराटीला आली. तरीही वाईच्या परिसराच्या शेतात आणि बोलीत तिच्या खुणा आहेत. त्या खुणा जेवणापेक्षा जास्त टिकल्या.

फ्रेंच माणसाशी वाईच्या परिसराचा पहिला ठळक संबंध राजकारणातून आला. १७७७ मध्ये सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच गृहस्थ राजा सोळाव्या लुईचा वकील म्हणून पुणे दरबारी दाखल झाला. नाना फडणवीसांनी त्याची चांगली बडदास्त ठेवली. इंग्रजांना दबावात ठेवण्यासाठी नानांना तो उपयोगी होता. दुसऱ्या वर्षी त्याला निरोप मिळाला. याच नानांचा वाडा आणि घाट वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी उभे आहेत. घाटावरच्या देवळातली मोठी घंटा वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. समुद्रापलीकडून आलेली वस्तू नदीकाठी आणून आपल्या रीतीत बसवण्याचे हे उदाहरण पुढच्या मजकुराशीही जुळते. पुढे फक्त घंटेच्या जागी घेवडा आणि स्ट्रॉबेरी आली.

वाईला समारंभाच्या जेवणाची स्वतःची शिस्त होती आणि आजही आहे. कृष्णाबाईचा उत्सव सात घाटांवर पाळीपाळीने होतो आणि त्याबरोबर प्रसादाच्या पंगती उठतात. पंगतीत पानावरच्या प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. वर मधोमध मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी. पान पाहताक्षणी सगळे जेवण समोर असते. तरी जेवणाला क्रम असतोच, आणि तो भात सांभाळतो: आधी तुपासह वरणभात, मध्ये मसालेभात, शेवटी ताकभात किंवा दहीभात. पंगतीला मेन्यूचा कागद लागत नाही, कारण पान हाच मेन्यू.

फ्रेंच जेवणही पूर्वी याच्या फार दूर नव्हते. अठराव्या शतकापर्यंत फ्रान्समधील बड्या घरांत एका खेपेचे सगळे पदार्थ टेबलावर एकदम मांडत. मांडणी नकाशाबरहुकूम असे आणि पाहुणा हाताशी येईल ते घेई. पॅरिसमधला रशियन राजदूत कुराकिन याने १८१० च्या सुमारास दुसरी रीत दाखवली असे मानतात: एका वेळी एकच पदार्थ, स्वयंपाकघरात कापून आणि ताटात वाढून, नोकराने प्रत्येकापुढे आणायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच रीत युरोपभर पसरली. आज फ्रेंच म्हणून ओळखला जाणारा सूप, मासा, मांस, सॅलड, चीज आणि गोड हा क्रम तिचाच आहे. पदार्थ गरम मिळू लागला, पण पुढे काय येणार हे पाहुण्याला दिसेनासे झाले. म्हणून छापील भोजनपत्रिका आवश्यक ठरली. वाईची पंगत आणि फ्रेंच टेबल यांतला खरा फरक इथेच आहे. त्याचे कारण धर्मात किंवा मांसाहारात शोधणाऱ्यांच्या नजरेतून तो निसटतो.

ही नवी रीत घाटावर आली ती इंग्रजांच्या हातून. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये तिथे वसाहतीला चालना दिली. पुढच्या वर्षी साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांनी ती जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम तिथे हलू लागला, तेव्हा बंगल्यांमागून हॉटेले आणि १८८१ मध्ये क्लबही आला. पाचगणीला जॉन चेसन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर वस्ती आणि झाडी वाढवली. रेल्वे वाठारपर्यंत आल्यावर उतारू तिथे उतरून टांग्याने वाईला येत आणि पसरणी घाट चढत. म्हणजे टेबलावर फ्रेंच क्रमाने जेवायला निघालेला बहुतेक प्रत्येक जण वाईतून जाई, तिथे जेवत मात्र नसे.

त्या काळी ब्रिटिश साम्राज्यात मोठ्या मेजवान्यांची आणि हॉटेलांची भोजनपत्रिका फ्रेंचमध्ये लिहिण्याचा रिवाज होता. जेवणाऱ्यांना फ्रेंच येवो न येवो, उंची जेवणाची ती मान्य भाषा होती. थंड हवेच्या ठिकाणी खोलीच्या दरातच जेवण धरत. ठरल्या वेळी घंटा वाजे, सगळे एका दालनात जमत आणि ठरलेले पदार्थ ठरलेल्या क्रमाने येत. या पद्धतीचे नावही फ्रेंचच, ‘ताब्ल दोत’, म्हणजे यजमानाचे टेबल. पावसाळ्यात महाबळेश्वरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळे. भिंतींना गवताच्या झडपा लावून सगळे खाली उतरत आणि दालने बंद होत.

असे जेवण शिजवायला बटाटा, गाजर, कोबी, सॅलडची पाने, कोवळा घेवडा लागे. वाई-साताऱ्याच्या शेतात यांतले बरेचसे तेव्हा नव्हते. महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तो १८६४ मध्ये उठला, तोवर तिथल्या कैद्यांनी भाज्यांचे मळे फुलवले होते. त्यांच्या बागांची आठवण चायनामन फॉल या धबधब्याच्या नावात आहे. ज्यांची नावे कुठल्याच भोजनपत्रिकेवर आली नाहीत अशा या माणसांनी घाटावरच्या भाजीची शेती घडवली. त्यांना इतिहासात याहून मोठी जागा मिळायला हवी.

भाज्यांची नावे पाहिली की त्यांचा मार्ग दिसतो. बटाटा आणि कोबी पोर्तुगीजांकडून आले, पावही तिथूनच. फरसबी मात्र ‘फ्रेंच बीन’ या इंग्रजी नावाचे मराठी रूप आहे. वाईच्या मंडईत फरसबीचा वाटा घेणारी बाई रोज फ्रान्सचे नाव उच्चारते. फरसबीचे दुसरे नाव श्रावणघेवडा; तो इतका आपला झाला आहे की तो परका होता हे सांगूनही पटत नाही. कटलेट आणि आम्लेट हे शब्दही फ्रेंच मुळाचे. ते इराण्याच्या दुकानातून आणि रेल्वेच्या उपाहारगृहातून सर्वांपर्यंत पोचले.

स्वयंपाक करणारे बहुतांशी गोव्याचे असत. सोवळ्याची बंधने नसल्यामुळे आणि पोर्तुगीज घरांत भट्टी, पाव, सूप यांची सवय झाल्यामुळे गोव्याचा कुक मुंबई इलाख्यातल्या क्लबांत आणि हॉटेलांत सगळीकडे दिसे. त्याच्या हाताखाली बटलर, बॉय आणि भांडी घासणारा मशालची. वर्षानुवर्षे नजरेने आणि जिभेने शिकलेली ही विद्या कागदावर फारशी उतरली नाही. पारशी आणि इराणी मालकांनी पुढे घाटावरची हॉटेले चालवली, तेव्हा या क्रमाचा थोडका अवशेष राहिला. आधी सूप आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. साखर करपवून तिच्यावर दूध-अंड्याचे मिश्रण वाफवायचे आणि थंड झाल्यावर उपडे करायचे, हा पदार्थ फ्रेंच घरगुती स्वयंपाकातला आहे. आपल्याकडे सर्वांत दूरवर पोचलेला फ्रेंच पदार्थ बहुधा तोच.

मुंबईत वॉटसनचे हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले. ते युरोपियनांसाठी होते. जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले आणि तिथे हिंदी माणसालाही टेबल मिळाले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एस्कॉफिए याचा पाकशास्त्राचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हॉटेलचे स्वयंपाकघर विभागांत वाटून चालवण्याची त्याची पद्धत पुढे जगभरच्या मोठ्या हॉटेलांनी उचलली. ताजच्या स्वयंपाकघराचे प्रमुख झालेले मिगेल आर्कांजू मास्कारेन्यस हे गोव्याचे होते. नंतरच्या पिढीतले कित्येक आचारी त्यांच्या हाताखाली तयार झाले.

हिंदू मध्यमवर्गाला हे टेबल दूरचे होते, आणि ते केवळ दरामुळे नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराची कारवाई, झाले. एका कपावरून एवढे वादळ उठे, तिथे परक्या हातचे सहा पदार्थ एकामागून एक खाणे म्हणजे कुळाची परीक्षा होती. वेदशास्त्राच्या अध्ययनासाठी नावाजलेल्या वाईत ही बंधने आणखी कडक असणार. बाहेर जेवायची वेळ आलीच तर खाणावळ होती, तीही आपल्या जातीची.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. फ्रेंच जेवणात वाइन पदार्थाइतकीच महत्त्वाची. ती परवान्यावर गेल्याने टेबलाचा अर्धा प्राण गेला. तरी ताजचा मनोरा १९७३ मध्ये उभा राहिल्यावर त्याच्या माथ्यावर ‘रांदेव्हू’ हे फ्रेंच रेस्टॉरंट चालले. १९८९ मध्ये त्याच हॉटेलात ‘झोडिअ‍ॅक ग्रिल’ सुरू झाले. सुरुवातीला तिथल्या मेन्यूवर किंमत छापलेली नव्हती. पाहुण्याने योग्य वाटेल ते द्यायचे. कॅमेंबर्ट चीजचा फुगवलेला ‘दारिओल’ हा तिथला नावाजलेला पदार्थ होता. पुढे लोकांना इटालियन, जपानी, थाई आणि मुख्य म्हणजे उत्तम भारतीय जेवण हवेसे झाले. दोन्ही दालने काळाच्या ओघात बंद झाली.

घाटावर टिकून राहिली ती स्ट्रॉबेरी. ती इंग्रजांनी आणली, पण आजच्या लागवडीच्या स्ट्रॉबेरीचा जन्म फ्रान्सचा आहे. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळाची रोपे नेली. ब्रिटनी प्रांतात ती उत्तर अमेरिकेच्या लहान, सुवासिक जातीशेजारी लावली गेली आणि दोघींचा संकर झाला. द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये त्याची उकल केली. याच संकराचे वंशज महाबळेश्वर-पाचगणीच्या लाल मातीत वाढतात. जुन्या जातींच्या जागी पुढे कॅलिफोर्नियाच्या जातींची रोपे आली आणि मल्चिंग पेपर, ठिबक यांवर शेती होऊ लागली. लागवड घाट उतरून वाई आणि जावळी तालुक्यांतही पसरली. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकेकाळी साहेबाच्या जेवणाच्या शेवटी येणारे हे फळ आता रस्त्याकडेला उंच ग्लासात क्रीमसह मिळते. त्यासाठी काटा-सुरी लागत नाही.

कृष्णा महाबळेश्वरहून वाईला आणि तिथून सांगलीकडे जाते. तिच्या खोऱ्यात पलूसला, राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर, वाइन पार्क उभारण्यात आला. नाशिकच्या विंचूरबरोबरचा हा दुसरा. कॅबर्ने सोव्हिन्यों, शनँ ब्लाँ अशा फ्रेंच जातींच्या वेली त्या निमित्ताने सांगलीच्या मातीत आल्या. तासगावच्या शेतकऱ्याचा भर मात्र खाण्याच्या द्राक्षांवर आणि बेदाण्यावरच राहिला.