वऱ्हाडला कोणी विचारले नाही : कौंडण्यपूर, गोवा आणि न दिलेले मत

आजचा धागा एका न झालेल्या मतदानाविषयी आहे. त्यासाठी वाटेत गोव्याला आणि थोडे नॉर्वेलाही जाऊन यावे लागेल. सुरुवात मात्र आमच्या कौंडण्यपूरपासून.

कौंडण्यपूर वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर वसले आहे. अलीकडे अमरावती जिल्ह्याचा तिवसा तालुका, पलीकडे वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका. परंपरेप्रमाणे ही भीष्मक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर. भाऊ रुक्मी याने तिला न विचारता शिशुपालाशी तिचा विवाह ठरवला. तिने गुपचूप द्वारकेला पत्र धाडले आणि अंबिकेच्या दर्शनाच्या निमित्ताने बाहेर पडून ती कृष्णाच्या रथात बसली. ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही स्वतःच्या मर्जीची नोंद करणाऱ्या त्या पत्राचा मान ज्या गावाकडे आहे, त्याच गावाच्या प्रदेशाला पुढे दीडशे वर्षे कोणी मर्जी विचारली नाही.

१८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. इंग्रजांनी तो निजामाला दिला. नदीच्या दोन काठांवरचे व्याही दोन राज्यांत गेले. १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी मध्यप्रांताला जोडला. सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचेच राहिले; त्याच्या युवराजाला १९३६ मध्ये ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला. या सगळ्या व्यवहारात वऱ्हाड म्हणजे गहाणवट होती. गहाण टाकलेल्या शेताला कोणी मत विचारत नाही.

आता गोवा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि लगेच प्रश्न आला : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे? आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. म्हणून संसदेने १९६६ मध्ये या कौलासाठी स्वतंत्र कायदा केला. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे पुरस्कर्ते. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. विरुद्ध बाजूला युनायटेड गोवन्सचे डॉ. जॅक सिक्वेरा होते आणि ‘राष्ट्रमत’मधून लिहिणारे तरुण उदय भेंब्रे. विलीनीकरणासाठी चिन्ह फूल, वेगळेपणासाठी दोन पाने.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ चा.

इथे थोडे थांबू या, कारण पुढचे क्वचितच सांगितले जाते. अवघ्या अडीच महिन्यांत, मार्चच्या अखेरीस, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच मिळाल्या. जानेवारीत ज्यांची मुख्य मागणी नाकारली, त्यांनाच मार्चमध्ये लोकांनी सत्ता दिली. महाराष्ट्रात आजही ‘गोवा आपल्या हातून गेला’ असा सूर ऐकू येतो. मला वाटते, या दोन निकालांना शेजारी ठेवले की तो सूर फसवा ठरतो. बांदोडकर आपले, पण गोवाही आपला, असे मानणारा मोठा वर्ग तिथे होता. प्रश्न वेगळा आला तेव्हा त्याने उत्तरही वेगळे दिले. शिवाय ‘स्वतंत्र राज्य’ हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. तो ३० मे १९८७ ला प्रत्यक्षात आला, तेव्हा एके काळी फुलावर मत दिलेलेही त्याच राज्याचे नागरिक झाले. आपण काय निवडले होते आणि काय मिळाले, हे त्यांना ताडून पाहता येते.

मताधिकार नसलेल्यांचाही एक दाखला सांगतो. १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळे होण्यासाठी नॉर्वेत सार्वमत झाले. ३,६८,२०८ मते बाजूने, १८४ विरोधात. त्या १८४ जणांना म्हातारपणी काय वाटले असेल, हा प्रश्न मला फार छळतो. मतदार फक्त पुरुष होते. तेव्हा तिथल्या स्त्रियांनी सह्यांची मोहीम काढली आणि २ लाख ४० हजारांहून अधिक सह्या जमवल्या. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा रुक्मिणीचे पत्र आठवले.

मग वऱ्हाडात काय झाले? १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या महाविदर्भाचा ठराव केला. पण ते विधिमंडळ मालमत्ता-शिक्षणाच्या अटींत बसणाऱ्या मोजक्या मतदारांनी निवडलेले. ८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, अकोला करार झाला. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख अशा मंडळींनी संयुक्त महाराष्ट्रात दोन उपप्रांतांची योजना मान्य केली. ते न जमल्यास वेगळा महाविदर्भ. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. पुढे फाजल अली आयोगाकडे देशभरातून दीड लाखांवर निवेदने आली, आयोग नऊ हजारांहून अधिक लोकांना भेटला आणि १९५५ मध्ये त्याने आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मानली गेली नाही. १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य आले, १९६० ला महाराष्ट्र. घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला राज्याच्या सीमा साध्या बहुमताने बदलता येतात, त्यामुळे कायद्यात काही चुकले नाही. निवेदन देणे आणि मत देणे यांत मात्र फरक आहे. निवेदन वकील, संपादक, पुढारी लिहितात; मत कापूस वेचणारी बाईही देते.

माझे आजोबा १९६० साली २३ वर्षांचे होते. तेव्हा मताधिकाराचे वय २१ होते. सार्वमत झाले असते तर त्यांचे नाव यादीत असते. शोधनिबंधाच्या निमित्ताने मी त्यांना विचारले, ‘आबा, तुम्ही कोणत्या बाजूने मत दिले असते?’ ते म्हणाले, ‘आमाले कोनं इचारलं बापू?’

मी चिकाटी सोडली नाही. गेल्या दोन वर्षांत चार वेळा विचारले. कापसाचा भाव पडला त्या हिवाळ्यात ते ठामपणे वेगळ्या विदर्भाचे होते. आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरकडे निघाली त्या सकाळी म्हणाले, माहेर आणि सासर एकाच राज्यात असलेले बरे. तिसऱ्यांदा त्यांनी छातीठोकपणे सांगितले की आपण तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या मिरवणुकीत होतो. आजीने स्वयंपाकघरातूनच ते खोडून काढले.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते ही साक्ष अविश्वसनीय आहे. पद्धतशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहेत. पण आबा खोटे बोलत नाहीत. गोव्यातल्या त्यांच्या वयाच्या माणसाजवळ १६ जानेवारीचा एक दिवस आहे, एक मतपत्रिका आहे, फूल किंवा पाने आहेत; त्याला अभिमान वाटो वा पश्चात्ताप, तो कशाचा हे त्याला ठाऊक आहे. आबांजवळ असा दिवसच नाही. म्हणून दर वेळी ते नव्याने मतदान करतात.

चौथ्यांदा विचारले ते कार्तिकाच्या यात्रेत, कौंडण्यपूरच्या घाटावर. या वेळी मी वहीच्या कागदाचे दोन तुकडे करून त्यांच्यापुढे धरले : एकावर ‘विदर्भ’, एकावर ‘महाराष्ट्र’. त्यांनी ते बराच वेळ हातात धरले, पलीकडच्या काठाकडे पाहिले, आणि मग हलक्या आवाजात मला विचारले, ‘मतदान गुप्त राहीन ना?’