वाट मोजून वेळ

पुढचं गाव किती लांब, असं विचारलं की आपल्याकडे 'तासाभराची वाट' असं उत्तर मिळतं. अंतर वेळेत सांगायची ही रीत. द्रावणातल्या झटपट बदलांचा माग काढणाऱ्यांनी ती उलटी वापरली आणि वेळ अंतराने मोजला.

1923 साली केंब्रिजमध्ये हार्ट्रिज आणि रफटन यांना हिमोग्लोबिन ऑक्सिजनशी किती वेगाने जोडलं जातं, हे पाहायचं होतं. त्यांनी दोन द्रावणं जोराने मिसळून नळीतून वाहती ठेवली. नळीच्या तोंडाशी प्रक्रिया नुकतीच सुरू झालेली, पुढे जावं तशी ती जुनी होत गेलेली. पण मिसळण्यातच सेकंदाचा हजारावा भाग जाई. त्याआधी घडलेलं निसटून जाई.

मिसळण्याची ही अडचण प्रकाशाने सोडवली. युद्धात नौदलाच्या रडारवर काम केलेले जॉर्ज पोर्टर केंब्रिजला रसायनशास्त्रज्ञ नॉरिश यांच्याकडे आले. दिव्यांच्या एका कारखान्यात त्यांनी फ्लॅशचे दिवे तयार होताना पाहिले आणि कल्पना सुचली: एका प्रखर झोताने प्रक्रिया सुरू करायची, लगेच दुसऱ्या झोताने ती पाहायची. दुसऱ्या झोतातले कोणते रंग नमुन्याने शोषले, त्यावरून त्या क्षणी तिथे काय आहे ते कळतं. 1949 मध्ये जाहीर झालेल्या या पद्धतीचं नाव फ्लॅश फोटोलिसिस, म्हणजे प्रकाशाने फोडणं. सुरुवातीला वायूंचे रेणू खरोखर फुटत. पुढे पोर्टर आणि त्यांचे सहकारी विंडसर यांनी द्रावणातल्या रेणूंची अल्पजीवी ट्रिप्लेट अवस्था टिपली. तिथे काही फुटत नव्हतं, नाव मात्र टिकलं. 1967 मध्ये नॉरिश आणि पोर्टर यांना अशाच झटपट प्रक्रियांवर काम केलेल्या आयगेन यांच्यासह नोबेल मिळालं.

मग लेझर आले. त्यांचे झोत फेम्टोसेकंदांइतके, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागांइतके, छोटे झाले. त्यांच्यापुढे इलेक्ट्रॉनिक घड्याळं थिटी पडली आणि नळीची युक्ती परतली. एकाच लेझरचा झोत दोन वाटांनी सोडतात. एक द्रावणाला उत्तेजित करतो. दुसरा नीलमण्याच्या पातळ चकतीतून पांढरा होऊन, थोड्या लांबच्या वाटेने, मागोमाग येतो. त्याच्या वाटेवरचा आरसा 15 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, मागे सरकवला की जाण्यायेण्याची वाट 30 मायक्रोमीटरने वाढते आणि झोताला 100 फेम्टोसेकंद उशीर होतो. अशाच जोडझोतांनी बंध तुटताना पाहणाऱ्या झेवेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

रफटन यांच्या नळीत द्रावण वाट चालत होतं, इथे प्रकाश चालतो. प्रक्रियेचं वय अजूनही वाटेवरूनच ओळखायचं.