बेलाचं नाव आणि डब्यातली गोळी



वजन घटवणाऱ्या गोळ्या आणि ताकदीच्या पावडरींचे डबे आता आपल्या गटांच्या बैठकीपर्यंत पोचलेत. विकणारे म्हणतात, “झाडपाल्याचं आहे, अपाय होणार नाही.” म्हणून आज आम्ही एक घडलेली हकिगत सांगणार आहोत.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवर सप्टेंबर २०१३ मध्ये आरोग्य खात्याला खबर मिळाली, की सात धडधाकट माणसांच्या यकृताला, म्हणजे लिव्हरला, अचानक जबर सूज आलीय. सातही जणांनी ‘ऑक्सीएलिट प्रो’ नावाच्या, वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेतल्या होत्या. पुढच्या तपासात २९ रुग्ण आढळले. त्यांतल्या २४ जणांनी त्याच गोळ्या घेतलेल्या. दोघांना यकृत बदलावं लागलं, एक जण दगावला.

गोळ्यांमध्ये एजिलीन नावाचं द्रव्य होतं. हे द्रव्य मूळचं आपल्या बेलाच्या पानांत असतं. महादेवाला वाहतो तोच बेल! पण पानात अंशभर असलेलं द्रव्य वेगळं करून किंवा कारखान्यात बनवून रोज गोळीतून पोटात घालणं, ही गोष्टच निराळी. दुखणं एजिलीनमुळेच झालं, हे पक्कं सिद्ध झालं नाही. मात्र ते सुरक्षित असल्याचा पुरावाही कंपनीकडे नव्हता. सरकारने बजावल्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने माल बाजारातून परत घेतला. २०१५ मध्ये तिच्यावर फौजदारी खटला झाला. चीनमधून आणलेली कृत्रिम द्रव्यं खोट्या कागदांवर वनस्पतींचा अर्क म्हणून खपवली, असा आरोप त्यात होता.

मग आधीच कुणी अडवलं कसं नाही? तिथल्या १९९४ च्या कायद्याने अशा पूरक आहाराला विक्रीपूर्वी औषधासारखी परवानगी लागत नाही. माणसं आजारी पडल्यावरच चौकशी सुरू झाली.

आपल्याकडेही अशा डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ती बारीक अक्षरं गटात मोठ्याने वाचा. डब्यावरचा परवाना क्रमांक म्हणजे आजार बरा करण्याची हमी नव्हे. कमिशनसाठी शेजारणीच्या हाती डबा देण्याआधी त्यात काय आहे, ते विचारा.

आणि असं काही घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली, अंगात त्राण राहिलं नाही, तर ते घेणं थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना डबा सोबत न्या. “औषध काही घेत नाही” असं सांगू नका; पावडर, गोळी, काढा, सगळं सांगा. हवाईत बहुतेक रुग्णांमधला समान धागा सापडला, तो रुग्णांनी काय घेतलं हे डॉक्टरांना कळलं म्हणूनच.